मॉरिशसचा फोटो: लाव्हा कुठे, वारा कुठून, ऊन कधी

ग्वाल्हेरच्या आमच्या दर्पण कॉलनीत लग्नसराई आटोपली की एक कार्यक्रम ठरलेला असतो. नवं जोडपं फिरून येतं, मोबाइल टीव्हीला जोडला जातो आणि शेजारीपाजारी चहा घेत फोटो बघतात. यंदा शेजारचा मुलगा आणि सून मॉरिशसला जाऊन आले. त्यांच्या फोटोंत दोन फोटो एकापाठोपाठ आले. पहिल्यात दोघं एका छत्रीखाली, मागे सगळं करडं. तिथे ज्वालामुखीचं विवर आहे, हे सुनेनं सांगितलं म्हणून कळलं. दुसऱ्यात अंगावर तेच कपडे, पण मागे निळंशार पाणी आणि उन्हानं बारीक झालेले डोळे. दोन्ही फोटो एकाच दिवसाचे, वीसेक किलोमीटर अंतरावरचे. ‘‘काका, तिथे नशीब लागतं,’’ मुलगा म्हणाला.

पाऊस मुरार भागात पडला आणि लष्कर भाग कोरडा राहिला, असं ग्वाल्हेरलाही होतं. पण ते आज इकडे, उद्या तिकडे. मॉरिशसमध्ये ओली बाजू आणि कोरडी बाजू ठरलेली आहे. ज्वालामुखीनं घडवलेल्या, उष्ण कटिबंधातल्या बेटावर ढग कुठे बसणार, कुठल्या डोंगराची धार निघणार आणि पाणी कुठे फिरोजी दिसणार, हे दगडाचं वय, वाऱ्याची दिशा आणि सूर्याची जागा मिळून ठरवतात. तेवढं समजून घेतलं तर साध्या मोबाइलवरही चांगला फोटो निघतो. नाही घेतलं तर लाखाचा कॅमेराही छत्रीचाच फोटो काढतो.

ज्योत एक, फोड अनेक

महाराष्ट्र आणि मॉरिशस यांचं नातं कोकणातून गेलेल्या मजुरांपासून सुरू झालं, असं आपण समजतो. दगडांचं नातं त्याहून कितीतरी जुनं आहे.

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून तापलेला खडक सतत वर येत असतो. भूशास्त्रात अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. हा बिंदू जवळजवळ जागचा हलत नाही. त्याच्या वरचं भूकवच मात्र वर्षाला काही सेंटिमीटर या गतीनं सरकत असतं. गॅसच्या ज्योतीवर पापड धरून तो हळूहळू एका बाजूला ओढत नेला तर फोडांची रांग उठते. ज्योतीपासून सर्वांत लांब गेलेला फोड सर्वांत जुना आणि ज्योतीवरचा सर्वांत ताजा. हिंदी महासागरात अशीच एक रांग आहे.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारत या ज्योतीवर होता. तेव्हा उसळलेल्या लाव्हानं दख्खनचं पठार झालं. झिजून झिजून आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरलं आहे. त्याचे उत्तरेकडचे थर माळव्यातून गुना-शिवपुरीपर्यंत पोचतात. ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या टेकडीवर उभा आहे, पण आग्रा-मुंबई रस्त्यानं दक्षिणेला निघालं की गुन्याच्या आसपास माती काळी होऊ लागते. ती या लाव्हाचीच. पुढे भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे बुडालेल्या ज्वालामुखींची माळ सोडत गेला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही प्रवाळबेटं त्या माळेवर वसली आहेत. मग दोन भूकवचांमधली सांधरेषाच तप्तबिंदूवरून पलीकडे गेली आणि ज्योतीवर आफ्रिकेकडचं कवच आलं. त्यावर ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्राबाहेर आलं आणि सुमारे २० लाख वर्षांपूर्वी शेजारचं रियुनियन. ज्योत आज रियुनियनखाली आहे.

फोटो काढणाऱ्याला या वयाचा थेट उपयोग असतो. ज्वालामुखी बेट तरुण असतं तेव्हा उंच, काळं आणि उघडंबोडकं असतं. रियुनियनचं सर्वोच्च शिखर ३,००० मीटरच्या वर जातं. वय वाढतं तसं पाऊस त्याला कापत जातो, कडे आणि सुळके उरतात, भोवती प्रवाळ वाढतं आणि पांढरी वाळू जमते. मॉरिशस या मधल्या वयात आहे आणि त्याचं सर्वोच्च शिखर ८२८ मीटरचं आहे. आणखी कोट्यवधी वर्षांनी डोंगर पाण्याखाली जातो आणि मालदीवसारखी प्रवाळाची कडी तेवढी उरतात. म्हणून मालदीवला डोंगराचा फोटो मिळत नाही आणि रियुनियनला पांढरी वाळू फार थोडी सापडते. मॉरिशसला दोन्ही एका फ्रेममध्ये येतं, आणि त्याची प्रसिद्धी बरीचशी यावरच उभी आहे.

सह्याद्री सपाट, मॉरिशस टोकदार

दगड एकच असेल तर सह्याद्रीचे माथे टेबलासारखे आणि मॉरिशसचे डोंगर करवतीसारखे का? फरक लाव्हा कसा बाहेर आला त्यात आहे. दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा शेकडो किलोमीटर आडवा पसरला, थरावर थर साचले. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर ते आडवे पट्टे आजही मोजता येतात. मॉरिशसमध्ये लाव्हा समुद्रतळावर एकाच ठिकाणी साचत गेला आणि एक प्रचंड घुमट तयार झाला. त्याचे थर आडवे नव्हते, मधून समुद्राकडे उतरते होते. पुढे घुमटाचा मधला भाग खचला, पावसानं बाकीचा कोरला आणि काठावरचे तुकडे उभे राहिले. १८३६ साली बीगल जहाजावरून आलेला चार्ल्स डार्विन राजधानी पोर्ट लुईसमागचा ल पूस हा ८१२ मीटरचा डोंगर चढला होता. मधे पठार, भोवती तुटक्या डोंगरांचं कडं आणि समुद्राकडे कललेले थर, ही मांडणी त्यानं तेव्हाच टिपून ठेवली.

त्यानंतरही लाव्हा येत राहिला, पण बेतानं. त्यानं डोंगरांमधल्या जागा भरून सपाट केल्या आणि या सपाटीवर आज ऊस उभा आहे. म्हणून मॉरिशसच्या रस्त्यांवर एक विलक्षण दृश्य पुन:पुन्हा दिसतं. समोर टाचणीइतकाही चढ नसलेलं हिरवं शेत आणि त्याच्या कडेला, मधली पायरी न घेता, एकदम उभा राहिलेला कडा. पीटर बोथ या डोंगराच्या सुळक्यावर तर एक भलामोठा गोटा डोक्यासारखा बसलेला आहे. डोंगर उंचीनं फारसे नाहीत, पण सपाटीतून थेट उठतात म्हणून फोटोत उंच वाटतात. कॅमेरा जमिनीजवळ धरून ऊस चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात ठेवला तर ही उंची आणखी वाढते. साधारण मे ते जुलै उसाला तुरे येतात. ते सूर्यासमोर धरले तर चंदेरी चमकतात.

ऊस कापल्यावर शेतात काळ्या दगडांचे ढीग दिसू लागतात. काही ढीग पायऱ्या घालून रचलेले, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच. जवळ जाऊन पाहिलं तर दगडांना बारीक छिद्रं असतात. लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. ऊस लावायचा तर आधी जमिनीतून हे दगड वेचून काढावे लागत. ते काम आधी गुलामांनी केलं आणि १८३४ नंतर हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. पर्यटक या ढिगांपाशी क्वचित थांबतात. मला विचाराल तर त्या बेटाचा इतिहास आणि भूगोल एकाच फोटोत पकडायचा असेल, तर यापेक्षा चांगली जागा नाही.

छत्रीचं गणित

आता त्या दोन फोटोंकडे. दक्षिण गोलार्धाच्या या पट्ट्यात वर्षातला बराचसा काळ वारा आग्नेयेकडून येतो. यांना व्यापारी वारे म्हणतात आणि मे ते ऑक्टोबर ते जोरात असतात. हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून आलेली ही हवा दमट असते. बेट लागलं की तिला चढावं लागतं. हवा शंभर मीटर वर गेली की सुमारे एक अंशानं थंड होते. बेटाचा मधला पठारी भाग ४०० ते ६०० मीटर उंचीवर आहे. तिथवर पोचेपर्यंत बाष्पाचं पाणी होऊ लागतं आणि ढग जमिनीलाच टेकतो.

कुरपीप हे गाव नेमकं या उंचीवर आहे आणि त्रू ओ सेर्फ हे विवर त्याच्या कडेला. छत्रीचा फोटो तिथला. मध्य पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. पश्चिम किनाऱ्यावर तो जेमतेम ९०० मिलिमीटर, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या आसपास. पठार ओलांडून हवा पश्चिमेला उतरते तेव्हा ती पुन्हा तापते आणि ढग विरून जातात. दुसरा फोटो काढला ते फ्लिक अँ फ्लाक याच कोरड्या बाजूला आहे. महाबळेश्वरला धुकं आणि खाली वाईला ऊन, हा अनुभव आपल्याला आहेच. फरक एवढाच, की सह्याद्रीवर पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो आणि चार महिन्यांत उरकतो. इथे तो उलट बाजूनं येतो आणि जवळजवळ वर्षभर.

यात वेळेचाही हिशेब आहे. ऊन चढलं की बेटाची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, हवा आणखी वर उठते आणि दुपारपर्यंत पठारावर ढगांची गर्दी होते. म्हणून त्रू ओ सेर्फ असो, गंगा तलाव असो की ब्लॅक रिव्हर घळींचं दर्शनस्थळ, उंचावरच्या जागा सकाळी लवकर कराव्यात. पश्चिम किनारा कुठे पळून जात नाही. सहलवाले बहुधा उलटं करतात, कारण हॉटेलात नाश्ता आठला सुरू होतो.

ढग टाळायचेच असं मात्र नाही. निरभ्र आकाशाखालचा डोंगर मला तरी कंटाळवाणा वाटतो. व्यापारी वाऱ्याचे ढग बुटके, सुटे आणि घाईत असतात. त्यांच्या सावल्या डोंगरावरून सरकत राहतात. चौकट पक्की करून पाच-दहा मिनिटं थांबलं तर कधीतरी सगळा परिसर सावलीत आणि फक्त कडा उन्हात, असा क्षण येतो. फोकस आणि एक्स्पोजर त्या उजळ कड्यावर धरायचं. सावलीवर धरलं तर कडा पांढरा फटक होतो.

याच वाऱ्यामुळे इथे इंद्रधनुष्य वेळ ठरवून गाठता येतं. इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर हवा, आणि सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली हवा. त्याहून वर गेला तर धनुष्याची कमान जमिनीखाली जाते. आता जोडून पाहा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, पावसाच्या सरी पूर्वेला पठारावर. म्हणजे तामारँ किंवा फ्लिक अँ फ्लाकच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं. तिथे त्या वेळी जवळजवळ प्रत्येकाचं तोंड समुद्राकडे असतं.

दुपारचा सूर्य उत्तरेला

ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आमच्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडेच झुकलेला असतो, वर्षातल्या एकाही दिवशी तो थेट डोक्यावर येत नाही. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. तिथे वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. जूनमध्ये तो दुपारी बारालाही जेमतेम ४६ अंश वर चढतो. म्हणजे कललेलं, सावल्या पाडणारं ऊन दिवसभर मिळतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जानेवारीच्या उत्तरार्धात मात्र तो बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी डोंगराच्या घड्या सपाट होऊन जातात.

भारतातून गेलेल्या फोटोग्राफरची सवय इथे दगा देते. आपण दक्षिणेकडे तोंड केलं की सूर्य डावीकडून उजवीकडे जातो. तिथे उत्तरेकडे तोंड करून पाहिलं तर तो उजवीकडून डावीकडे जातो. ‘तासाभरात या बाजूला ऊन येईल’ असा अंदाज बांधून बसावं आणि ऊन दुसऱ्याच बाजूला सरकावं, असं होतं. उत्तरेकडे तोंड असलेले कडे उजळतात, दक्षिणेकडचे काळवंडतात. मोबाइलमधलं होकायंत्र इथे लेन्सइतकंच कामाचं आहे.

आणखी एक. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, युरोपासारखा तिरका रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर उजेड जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतो. ट्रायपॉड लावायला सूर्य बुडायची वाट पाहू नये.

फिरोजी पाणी आणि समुद्रातला धबधबा

घरोघरीच्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो अधूनमधून फिरतो. समुद्राच्या तळाशी प्रचंड धबधबा कोसळतोय, वर ‘निसर्गाचा चमत्कार’ असं लिहिलेलं. फोटो खरा आहे, धबधबा नाही. जागा मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला, ल मोर्न डोंगराजवळ.

तो समजायला आधी पाण्याचा रंग समजावा लागतो. पाणी लाल प्रकाश सर्वांत लवकर शोषून घेतं, निळा सर्वांत उशिरा. उन्हाचा किरण पाण्यात दोन-तीन मीटर जाऊन पांढऱ्या वाळूवर आपटून परत येतो तेव्हा त्यातला लाल बराचसा गळालेला असतो, हिरवा आणि निळा उरलेला असतो. तोच फिरोजी. खोल पाण्यात तळापर्यंत पोचून परत येणारं काही नसतंच. पाण्याच्या कणांनी विखुरलेला थोडा निळा तेवढा डोळ्यापर्यंत येतो आणि पाणी गडद दिसतं. मॉरिशसभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत उथळ, शांत पाणी. त्याला लगून म्हणतात. वाळू पांढरी आहे कारण ती लाव्हाची नाही, प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा आहे.

ल मोर्नपाशी प्रवाळाच्या भिंतीला खिंड आहे. लगूनमधलं पाणी तिथून बाहेर पडताना वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे ओढून नेतं. तळावर वाळूचे पांढरे ओघळ उमटतात, उताराबरोबर ते फिरोजीपासून गडद निळ्यापर्यंत विरत जातात, आणि वरून बघताना डोळा त्या रंगछटांनाच उंची समजतो. किनाऱ्यावर उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी बहुधा हेलिकॉप्टर लागतं, आणि ते खर्चिक आहे. काचेला लेन्स जवळजवळ टेकवून धरली आणि गडद कपडे घातले तर काचेतली प्रतिबिंबं कमी येतात. शटर हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावं, कारण यंत्र थरथरत असतं.

‘फोटो सकाळी किंवा संध्याकाळीच काढावा’ हा पुस्तकी नियम लगूनच्या बाबतीत चुकीचा आहे. सूर्य खाली असताना त्याचे किरण पाण्याच्या पृष्ठभागावरून परततात, आत शिरत नाहीत, आणि लगून पत्र्यासारखा करडा दिसतो. पाण्याचा रंग हवा तर दहा ते दोन ही वेळ. उरलेली चमक घालवायला पोलरायझर लावावा. पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एका विशिष्ट पातळीत कंप पावत असतो आणि पोलरायझर नेमका तोच अडवतो. फिल्टर फिरवत राहावा, तळ दिसू लागला की थांबावं. वाइड लेन्सवर आकाश असेल तर जपून, कारण निम्मं आकाश गडद आणि निम्मं फिकट होतं.

ल मोर्नचा ५५६ मीटरचा कडा संध्याकाळी पश्चिमेच्या उन्हात तांबूस होतो, तेव्हा काढायचा. पळून आलेले गुलाम या कड्याच्या आश्रयानं राहत आणि त्या स्मृतीसाठी २००८ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पायथ्याशी स्मारक आहे. तिथे उड्या मारत सेल्फी काढणाऱ्यांना काय म्हणावं?

सात रंगांची माती, आणि कॅमेऱ्याचा गैरसमज

शामारेलला उघड्या मातीच्या टेकड्या आहेत आणि त्यांवर तांबडा, तपकिरी, जांभळा, पिवळसर असे पट्टे. हा प्रकार कोकणातल्या माणसाला अर्धा ओळखीचा आहे. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. ऊब आणि भरपूर पाऊस मिळाला की तो कुजतो. विरघळणारे घटक वाहून जातात, लोखंड आणि अॅल्युमिनिअमची ऑक्साइडं मागे राहतात. कोकणात त्याचा जांभा झाला. शामारेलला माती भुसभुशीत राहिली. लोखंडाची संयुगं तांबड्या-तपकिरी बाजूला जातात, अॅल्युमिनिअमची निळसर-जांभळ्या. पट्ट्यांवर पावसानं पाडलेल्या बारीक घळ्या आहेत. त्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. भर दुपारी तिथला फोटो रंगांच्या डागांचा होतो. सर येऊन गेल्यावर ओल्या मातीचे रंग गडद होतात. विकत मिळणाऱ्या चित्रकार्डांवर हे रंग इतके चढवलेले असतात, की प्रत्यक्ष माती पाहून लोक हिरमुसतात. दोष मातीचा नाही.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असं गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे. म्हणून पांढरी वाळू फोटोत मळकट येते आणि काळा लाव्हा राखेसारखा फिकट. वाळूवर एक्स्पोजर एक पायरी वाढवावं, काळ्या खडकावर एक पायरी कमी करावं. मोबाइलवर बोटानं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवलं की तेच होतं. मॉरिशसमध्ये पांढरी वाळू आणि काळा खडक शेजारी-शेजारी असतात. तेव्हा उजळ भाग सांभाळावा, अंधारातला तपशील नंतर थोडाफार काढता येतो.

जिथे भिंत तुटली आहे

दक्षिण किनाऱ्यावर सुयाकजवळ ग्रि ग्रि इथे प्रवाळाची भिंत नाही. दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा थेट काळ्या कड्यावर फुटतात. पर्यटकांच्या माहितीपत्रातलं मॉरिशस इथे संपतं आणि ज्वालामुखीचं सुरू होतं. लाट फुटतानाचा फवारा गोठवायचा तर शटर हजारांश सेकंद, खडकावरून उतरणारं पाणी रेशमी हवं तर अर्धा सेकंद आणि ट्रायपॉड. सात-आठ लाटा नुसत्या पाहाव्यात, मग जागा निवडावी. ओला काळा खडक म्हणजे आधीची लाट तिथवर आली होती. तिथे ट्रायपॉड लावू नये.

जवळच रॉचेस्टर धबधबा आहे, जेमतेम दहा मीटरचा. पण त्याची भिंत उभ्या दगडी खांबांची आहे. जाड लाव्हा सावकाश निवतो तेव्हा आकसतो, आकसताना तडे जातात आणि ते तडे खाली उतरत जाऊन खांब सुटे होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलचे खांब याच रीतीनं झाले आहेत. तिथे मात्र इमारती चौकटीबाहेर ठेवायला बरीच कसरत करावी लागते.

> चौकट: एका दिवसाची आखणी (मे ते ऑक्टोबर)
> पहाटे ते नऊ: पठारावरची विवरं, घळी, गंगा तलाव. नंतर ढग येतात.
> दहा ते दोन: लगून. पोलरायझर लावून, शक्य तितक्या उंचावरून.
> तीन ते पाच: पश्चिम किनारा, समुद्राकडे पाठ. डोंगर, ढगांच्या सावल्या, इंद्रधनुष्य.
> सूर्यास्त: ल मोर्न. सूर्य बुडाल्यावर हातात पंचवीस मिनिटं.
> रात्र: ताऱ्यांसाठी पश्चिम किंवा दक्षिण किनारा, गावांच्या दिव्यांपासून दूर.
> नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. ड्रोन नेण्याआधी तिथल्या नागरी विमान वाहतूक विभागाचे नियम पाहावेत.

विसर्जनाचा उजेड

कास्कावेल हे पश्चिमेकडचं गाव, कोरड्या बाजूचं. मॉरिशसमधल्या पहिल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचं श्रेय या गावाला दिलं जातं, साल १८९६. आज गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुटी असते. ऑगस्ट-सप्टेंबरचे ते दिवस व्यापारी वाऱ्यांच्या भरातले. पश्चिम किनाऱ्यावर विसर्जन पाहायला मिळालं तर उजेडाची मांडणी सरळ आहे. दुपारनंतर सूर्य समुद्रावर, माणसं पाण्याकडे चाललेली. त्यांच्या मागून काढलं तर सगळ्यांच्या काळ्या आकृत्या मिळतात. चेहऱ्यांवर ऊन आणि पाठीशी डोंगर हवा असेल तर पाण्याच्या कडेनं पुढे जाऊन उलट वळावं लागतं. मूर्तीचा आणि घरच्या मंडळींचा फोटो विचारून काढावा. मराठीत विचारलं तर बऱ्याचदा उत्तर क्रिओल भाषेत येतं, पण आरती ओळखीची असते.

ज्योतीवरचं बेट

मॉरिशसपासून विमानानं पाऊण तासावर रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागृत ज्वालामुखींपैकी एक, उंची सुमारे २,६०० मीटर. इथे ढगांचं गणित बदलतं. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात साधारण दोन हजार मीटरच्या आसपास वर उबदार, कोरड्या हवेचं झाकण असतं आणि ढग त्याच्या वर जात नाहीत. मॉरिशस या झाकणाच्या पुरतं खाली आहे, म्हणून तिथे आपण ढगात सापडतो. रियुनियनच्या शिखरांवरून ढग पायाखाली दिसतात. पण सकाळीच. नऊ-दहानंतर ते दऱ्यांतून वर चढू लागतात. चक्रीवादळात हेच कडे ढगांना पिळून काढतात. जानेवारी १९६६ मध्ये या बेटावर २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ग्वाल्हेरचा दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात.

उद्रेक चालू असेल तर वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. लाव्हा हजार अंशांच्या वर तापलेला असतो, तरी भर उन्हात तो मळकट तांबडा दिसतो, कारण ऊन त्याच्या स्वतःच्या उजेडावर मात करतं. काळोखात उलट होतं. लाव्हा पिवळा-पांढरा जळून जातो आणि भोवतीचा डोंगर नाहीसा होतो. मधली संधिप्रकाशाची पंचवीस मिनिटं अशी, की आकाशाचा निळा आणि लाव्हाचा केशरी एका एक्स्पोजरमध्ये बसतात. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर ठेवावा. ऑटोवर सोडला तर कॅमेरा केशरी रंगालाच चूक समजून फिका करतो. उद्रेक सुरू झाला की विवराभोवतीचा खोलगट भाग लोकांसाठी बंद होतो, त्यामुळे काठावरच्या कड्यांवरून लांब लेन्सनं काढावं लागतं.

भारतात जागृत ज्वालामुखी एकच आहे, अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर. दीडशेहून अधिक वर्षं निजून तो १९९१ साली जागा झाला. तिथे वस्ती नाही आणि उतरू देत नाहीत, फोटो काढायचा तो बोटीवरून. लेन्स लांबच हवी, पण ट्रायपॉड घरी ठेवलेला बरा. बोट हलत असते, त्यामुळे शटरचा वेग वाढवावा, आयएसओ चढला तर चढू द्यावा.